वीजबिलामागची यादी

ऐरोलीहून एका आईचं भलंमोठं पत्र आलंय. ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देतेय. मुलगा साडेपाच वर्षांचा, इंग्लिश मीडियमला सीनियर केजीत. जानेवारीच्या पीटीएमला, म्हणजे पालकांच्या भेटीला, मिस म्हणाल्या की याचं रायटिंग फार स्लो आहे, फळ्यावरचं उतरवताना अर्ध्यात सोडून देतो, कर्सिव्ह जमत नाही, 'बी' आणि 'डी' उलटे काढतो, वर्गात तोंड उघडत नाही, तेव्हा घरी प्रॅक्टिस घ्या आणि घरी इंग्लिशच बोला. तेव्हापासून घरात इंग्लिश चालू आहे, आईबाबांना जमेल तसं. आजी यांच्याकडेच असतात, साताऱ्याकडच्या, त्यांनाही सांगून झालंय की नातवाशी मराठीत फार बोलू नका. रोज ऑफिसवरून आल्यावर दोन पानं लिहून घेतात, आणि रोज रडारड. मूल बॉल डाव्या हाताने टाकतं, पण पेन्सिल उजव्या हातात धरायची सवय घरच्यांनी लावलीय. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बाकीच्या मुलांच्या मोत्यासारख्या अक्षरांचे फोटो येतात आणि आईची झोप उडते. प्रश्न तीन आहेत: सेक्टरमधल्या हँडरायटिंग क्लासला घालू का, मराठी पूर्ण बंद करू का, आणि एप्रिलमध्ये पहिलीत न पाठवता सीनियर केजीच पुन्हा करून घेऊ का. पत्राच्या अगदी शेवटी जाता जाता एक तक्रार आहे: "लिहायला बसवलं की रडतो, पण वीजबिलाच्या पाठीमागे अर्धा अर्धा तास रेघोट्या मारत बसतो आणि आजीला ती दुकानाची यादी म्हणून वाचून दाखवतो. नुसता टाइमपास, त्यात एक अक्षर धड नसतं."

मी शेवटून सुरुवात करते, कारण तुम्ही तक्रार म्हणून जे टाकलंत ना, तीच तुमच्या पत्रातली सगळ्यात चांगली बातमी आहे. तो रेघोट्या मारतो आणि त्या वाचून दाखवतो, आणि यादी म्हणून वाचतो, गोष्ट म्हणून नाही. म्हणजे त्याला काय काय उमगलंय बघा. तोंडातला शब्द कागदावर ठेवून देता येतो, आणि नंतर तो तिथून परत काढता येतो. यादी वेगळी वाचायची असते आणि गोष्ट वेगळी. आपण लिहिलेलं वाचणारं, ऐकणारं दुसरं माणूस असतं, इथे आजी. अहो, लिहिणं लिहिणं म्हणतात त्यातला अवघड भाग हाच आहे, आणि तो त्याला कुणी न शिकवता आलाय. राहिलं हाताचं काम, ते मागून येतंय. तुम्ही मागून येणाऱ्याची काळजी करताय आणि पुढे गेलेल्याला टाइमपास म्हणताय.

'लिहिता येत नाही' हे वाक्य मी ठाण्यात बावीस वर्षं बालवाडी चालवताना इतक्यांदा ऐकलंय की आता कुणी म्हटलं की मी आधी विचारते, नेमकं काय येत नाही? पेन्सिल धरता येत नाही, की अक्षराचा आकार लक्षात राहत नाही, की ओळीत बसवता येत नाही, की आवाज ऐकून त्याचं अक्षर कुठलं ते कळत नाही, की मुळात सांगायलाच काही सुचत नाही? ही पाच वेगवेगळी दुखणी आहेत आणि सगळ्यांवर औषध मात्र एकच, दोन पानं लिही. फळ्यावरून उतरवणं हे तर आणखीनच तिसरं काहीतरी आहे. तुम्हाला उद्या कुणी तमिळ अक्षरांनी भरलेला फळा उतरवून घ्या म्हटलं तर कसं होईल, मान वर करा, आकार डोक्यात धरा, मान खाली, ओळ शोधा, काढा, परत मान वर, तोपर्यंत आपण कुठे होतो तेच हरवलं. साडेपाच वर्षांच्या मुलाचं तसंच होतं. ते अर्ध्यात सोडतं कारण दमतं, आणि त्यातून लिहायला शिकतंय असंही नाही, चित्रं कॉपी करतंय.

आता हात. मनगटात ८ छोटी हाडं असतात आणि बाळ जन्मतं तेव्हा एक्सरेत त्यातलं एकही दिसत नाही, सगळी कूर्चाच असते, मग एकेक करून हाड होत जातं आणि शेवटचं दिसायला नऊ ते बारा वर्षं लागतात. सगळा दोष काही हाडांचा नाही, खरं काम बोटांच्या बारीक स्नायूंचं आणि त्यांना वरून येणाऱ्या हुकमाचं, पण अंदाज यावा म्हणून सांगितलं. मुलं साधारण तिसऱ्या वर्षी बघून गोल काढतात, चौथ्या वर्षी अधिकचं चिन्ह, साडेचार-पाचला चौकोन, आणि त्रिकोण त्याच्याही नंतर, कारण तिरकी रेघ सगळ्यात उशिरा हाताला येते. म्हणजे तिरकी रेघ जेमतेम जमायला लागलेल्या मुलाला आपण कर्सिव्ह देतोय, ज्यात सगळंच तिरकं आणि सगळंच एकमेकांना जोडलेलं. माझं मत विचाराल तर सीनियर केजीला कर्सिव्ह हा शुद्ध आचरटपणा आहे. हे मी शाळांच्या कार्यक्रमात बोलून दाखवते म्हणून हल्ली मला कुणी बोलवत नाही, ते असो.

मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोमच्या एका गरीब वस्तीत बालघर काढलं, तिथे त्यांनी एक हुशारी केली होती. हाताला खरखर लागेल अशी अक्षरं पोरांनी बोटाने गिरवायची, आणि त्याच वेळी सुटी कापलेली अक्षरं जमिनीवर मांडून शब्द जुळवायचे. म्हणजे शब्द रचायचं काम आणि पेन्सिलचं काम त्यांनी वेगळं करून टाकलं, एकाने दुसऱ्यासाठी थांबायला नको. ही साधी गोष्ट आपल्याकडच्या वह्या पूर्ण विसरल्यात. तुमच्या मुलाचा हात अजून तयार नसेल पण त्याच्या डोक्यात यादी तयार आहे, मग यादी कशाला थांबवायची? फ्रिजवर चिकटणारी अक्षरं आणा नाहीतर जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याची कापा. 'कांदा' त्याने मांडला की लिहिला असंच समजा.

आणि त्या धड नसलेल्या अक्षरांबद्दल. एमिलिया फेरेरो म्हणून अर्जेंटिनाच्या एक संशोधक होत्या, मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजेंच्या विद्यार्थिनी, त्यांनी १९७० च्या दशकात लहान पोरांशी बसून तपासलं की शाळेत शिकवायच्या आधी पोरांना लिखाणाबद्दल काय वाटत असतं. पोरांचे नियम भन्नाट होते. एक-दोनच अक्षरं असली तर तो शब्दच नाही, निदान तीन तरी पाहिजेत. तेच अक्षर परत परत आलं तर वाचता येणार नाही. आणि मोठ्या वस्तूचं नाव मोठं असलं पाहिजे. हे तुम्ही घरी करून बघा, 'हत्ती' आणि 'फुलपाखरू' दोन चिठ्ठ्यांवर लिहा आणि विचारा हत्तीची कुठली. लांब चिठ्ठी उचलली तर हसू नका, त्याच्या परीने तो बरोबर विचार करतोय. हळूहळू मुलाच्या लक्षात येतं की अक्षराचा संबंध वस्तूच्या आकाराशी नाही, तोंडातल्या आवाजाशी आहे, आणि मग बरीचशी मुलं एका उच्चाराला एक खूण असं लिहायला लागतात. इथे आपली देवनागरी पोरांच्या बाजूने आहे, कारण टाळ्या वाजवून 'फु-ल-पा-ख-रू' म्हटलं तर पाच टाळ्या आणि कागदावर पाचच अक्षरं. इंग्रजीत असला सोयीचा हिशोब नाही. त्यामुळे मूल 'केळं' च्या जागी नुसतं 'कळ' लिहून मोकळं झालं तर समजा की गाडी रुळावर आहे, काना-मात्रा मागच्या डब्यात आहेत.

पण देवनागरी सोपीच आहे असंही समजू नका. ३४ व्यंजनं धरली आणि बाराखडी लावली तर चारशेवर आकार होतात, जोडाक्षरं आणि रफार वेगळे. त्यात पहिली वेलांटी म्हणजे खास आपल्या पोरांसाठी लावलेला सापळा. 'चिमणी' म्हणताना कानाला आधी च ऐकू येतो मग इ, आणि लिहिताना वेलांटी च च्या आधी. पोर इमानदारीत आधी च काढतं, डाव्या बाजूला जागाच उरत नाही, मग ती वेलांटी दुसऱ्याच्याच डोक्यावर जाऊन बसते. कन्नडमध्ये सोनाली नाग यांनी केलेल्या अभ्यासात दिसलं की अशा लिपीतली सगळी अक्षरं पक्की व्हायला मुलांना चौथीपर्यंत वेळ लागतो, इंग्रजीच्या २६ अक्षरांसारखं एका वर्षात उरकत नाही. दोन लिप्या एकदम शिकणाऱ्या पोराकडे बघताना हे लक्षात ठेवा. 'बी' आणि 'डी' उलटे होण्याचं पण तेच, आत्तापर्यंतच्या आयुष्यात त्याने जे पाहिलं ते कुठल्याही बाजूने तेच राहतं, कप डावीकडे कान असला तरी कपच आणि उजवीकडे असला तरी कपच, मग अचानक एक वस्तू अशी येते की तोंड फिरवलं की नावच बदलतं. सहा-सात वर्षांपर्यंत हे चालायचंच. मी सुरुवातीच्या वर्षांत असली उलटी अक्षरं लाल पेनाने गोल करायचे. एका मुलीने त्यानंतर पंधरा दिवस नुसत्या उभ्या रेघा काढल्या, कारण उभी रेघ उलटी होत नाही. तेव्हापासून लाल पेन बंद.

आता मराठीचं, आणि इथे मी जरा कडक बोलणार आहे. तुमचा हिशोब असा दिसतोय की पोराच्या डोक्यात जागा मोजकी आहे, मराठी उठली की इंग्रजीला बसायला मिळेल, लोकलच्या चौथ्या सीटसारखं. भाषेचं असं नसतं. त्याला 'का' विचारता येतं, 'म्हणून' लावता येतं, कालचं आणि उद्याचं वेगळं सांगता येतं, आधी काय झालं मग काय झालं हे ओळीने सांगता येतं, हे सगळं त्याने मराठीत कमावलंय आणि तेच इंग्रजीत वापरायचंय, तिथे फक्त शब्द नवीन लागतील. जिम कमिन्स म्हणून कॅनडातले अभ्यासक आहेत, त्यांनी फार पूर्वी दाखवलंय की नव्या भाषेत खेळण्या-बोलण्यापुरतं यायला मुलांना साधारण दोन वर्षं लागतात, पण त्याच भाषेत अभ्यास करण्याइतकं यायला पाच ते सात. तुमच्या मुलाला शाळेत जाऊन किती झाली, जेमतेम अडीच वर्षं, त्यातही दिवसाचे तीन-चार तास. वर्गात गप्प बसणं हे नवी भाषा शिकणाऱ्या पुष्कळ मुलांचं होतं, ती ऐकून साठवत असतात. त्याची मला तितकी काळजी नाही. मला काळजी आहे ती घरातल्या गप्प बसण्याची.

कारण तुम्ही घरी बोलताय ती इंग्रजी कुठली हे तुमच्याच पत्रात आहे. कम हिअर, सिट प्रॉपर्ली, फिनिश युवर मिल्क. सगळे हुकूम. यात तुमचं काही चुकलं असं नाही हो, परक्या भाषेत आपण सगळेच आधी हुकूम द्यायला शिकतो, आज ऑफिसात काय गंमत झाली हे सांगायला आपली भाषा लागते. पण पोराच्या बाजूने बघा ना, जानेवारीपासून त्याची आई गोष्टी सांगायची बंद झाली आणि नुसत्या ऑर्डरी द्यायला लागली, आणि आजीचं तर तोंडच बंद केलं. मग तो बोलणार कुणाशी? बिलाच्या मागे आजीसाठी यादी लिहितो त्यात नवल नाही, घरात त्याचं मोकळेपणी ऐकून घेणारं तेवढंच एक माणूस उरलंय.

तेव्हा दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. आजच आजींना सांगा की भरपूर बोला. इंग्लिश नको असं मी म्हणत नाहीये, रात्री झोपताना इंग्लिशची चित्रांची पुस्तकं वाचा, गाणी लावा, सोसायटीत खाली ज्या मुलांशी इंग्लिश-हिंदी बोलतो ते बोलू दे, आणि त्याने 'मम्मा मला वॉटर दे' म्हटलं तर दोन भाषांची खिचडी झाली म्हणून घाबरू नका, दोन भाषांत वाढणारी सगळी मुलं अशी सरमिसळ करतात आणि कुणाशी कुठली बोलायची ते त्यांना आपोआप कळतं. आणि व्यवहाराचं बोलायचं तर राज्यात २०२० च्या कायद्याने सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं झालंय, म्हणजे पहिलीत मराठी येणारच. आत्ता घरातून काढायची आणि जूनमध्ये त्याच मराठीची ट्यूशन लावायची, असं करणारी घरं मी नौपाड्यातही पाहिलीत आणि वाशीतही.

आजींकडे जे आहे ना ते कुठल्या क्लासला मिळत नाही. कोडी, अडगुलं मडगुलं, करंगळी मरंगळी, आणि मुख्य म्हणजे भेंड्या. गाण्याच्या नको, साध्या गावांच्या खेळा. ऐरोली, मग लोणावळा, मग ळ आला की पोर विचारात पडतं, ळ वरून गावच नाही, मग ल घ्यायचा. ठाणे आलं की परत तेच, ण वरून काही सुरू होत नाही, भांडण, शेवटी न वर तडजोड. या भांडणात पोर शब्दाचं शेवटचं अक्षर कानाने वेगळं काढायला शिकतं, आणि वाचायला-लिहायला येण्याचा पाया हाच आहे, शब्दाचे तुकडे कानाला ऐकू येणं. ट्रान्स-हार्बरला बसता तेव्हा स्टेशनांच्या पाट्या वाचत जा, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, देवनागरीतही लिहिलेलं असतं आणि इंग्रजीतही. 'तुर्भे'चा रफार त्याला डोळ्यांनी आधी ओळखू येईल, नाव नंतर कळलं तरी चालेल.

आता रोजच्या त्या दोन पानांचं. बंद करा. केंद्राच्या २०२० च्या स्कूल बॅग पॉलिसीत दुसरीपर्यंत होमवर्क देऊ नये असंच म्हटलंय, तुमचा तर सीनियर केजीत आहे. मला माहितीये तुम्ही घरी येता साडेसात वाजता, डोकं गरगरत असतं, स्वयंपाक बाकी, आणि त्यात वेगळी ॲक्टिव्हिटी करायला सांगणारे लोक बघितले की संताप येतो. म्हणून वेगळं काही सांगत नाही. तुम्ही ओट्याशी असाल तेव्हा त्याला तिथेच बसवा आणि म्हणा, आज शाळेत काय झालं ते सांग, मी लिहून घेते. आणि तो जे बोलेल ते शब्दाला शब्द लिहा. 'आजी ओरडली कारण मी तिचा चष्मा लपवलेला' असं म्हणाला तर तसंच, 'लपवला होता' करायचं नाही, आपल्याकडे ठाणे-मुंबईत 'लपवलेला'च म्हणतात आणि तुम्हीही म्हणता. मग बोट ठेवून परत वाचून दाखवा. पाच मिनिटं. पहिल्या आठवड्यात दोन वाक्यं सांगेल, महिन्याने तुम्हाला दमवेल. आपण बोललो ते तसंच्या तसं परत आलं हे पाहिल्यावर पोरांच्या चेहऱ्यावर जे येतं ते मी शब्दात सांगू शकत नाही. आणि त्याखाली त्याला हवं तर त्याने काहीतरी काढावं, नाव लिहावं, रेघोटी मारावी, नको असेल तर नको.

खऱ्या कामाचं लिखाण द्या. सामानाची यादी त्याच्याकडेच सोपवा, तशीही तो करतोच, फक्त आता ती घेऊन खरंच खाली दुकानात जा. त्याने काढलेल्या गोलाला तो बटाटा म्हणाला तर बटाटे घ्या. दोन-तीन फेऱ्यांनंतर त्याची त्यालाच अडचण येते, बटाट्याचा गोल कुठला आणि कांद्याचा कुठला कळेना होतं, आणि तेव्हा तो येऊन विचारतो, आई कांद्याचा 'क' कसा काढतात गं? हा प्रश्न त्याच्याकडून आला की शिकवा, दोन मिनिटांत येतो. आपण आधीच शिकवायला गेलो की दोन महिने लागतात.

हँडरायटिंग क्लास? माझा सल्ला नको असाच आहे, निदान सात पूर्ण होईपर्यंत. क्लासमध्ये वळण सुधारतं, खोटं कशाला बोलू, पण ज्याला पेन्सिल बघून रडू येतंय त्याला आठवड्यातून तीन दिवस आणखी पेन्सिल हे काही पटत नाही. हाताला ताकद हवी असेल तर ती स्वयंपाकघरात आहे. कणकेचा गोळा मळायला द्या, मटार सोलायला द्या, लसूण सोलणं तर चिमटीचा सगळ्यात भारी व्यायाम, दोरीवर कपड्यांचे चिमटे लावायला द्या. ताटात रवा पसरून बोटाने अक्षर काढणं हे माँटेसरीबाईंच्या खरखरीत अक्षरांचं आपलं रूप. पाटी मिळाली तर पाटी, आणि खडू अख्खा द्यायचा नाही, मोडून बोटाच्या पेराएवढा तुकडा द्यायचा, एवढासा तुकडा मुठीत धरताच येत नाही, तीन बोटांतच धरावा लागतो, पकड आपोआप येते. उभ्या पृष्ठभागावर, म्हणजे बाथरूमच्या टाइल्सवर ओल्या बोटाने, फ्रिजच्या दारावर, असं लिहिलं की मनगटाला बरोबर वळण मिळतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणाचं काम केलं, तेव्हा तो भाग आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता, पालघर वेगळा झाला २०१४ मध्ये. त्यांच्याकडे शिकवायचं साहित्य काय होतं, तर शिंपले, बिया, खडे, पानं. आपल्याकडे साडेतीन हजारांचा ॲक्टिव्हिटी किट असतो.

डाव्या हाताचं तुम्ही एका ओळीत उरकलंत पण मला ते महत्त्वाचं वाटतं. बॉल डाव्याने टाकतो, मग दात कुठल्या हाताने घासतो, कात्री कुठल्या हातात धरतो, बटण कुठल्या हाताने लावतो हे चार दिवस काही न बोलता बघा. डावाच पुढे येत असेल तर पेन्सिल डाव्या हातात जाऊ द्या. दहातलं साधारण एक माणूस डावखुरं असतं, त्यात बिघडलेलं काही नाही, आणि अर्धी 'स्लो'ची तक्रार इथेच मिटू शकते. आजींना जेवताना उजवा हात हवा असेल तर जेवणाचं मी त्यांच्यावर सोडते, पेन्सिलचं नाही. डाव्याने लिहिताना कागद थोडा उजवीकडे कलता ठेवा, आणि वर्गात त्याला बाकाच्या डाव्या टोकाला बसवा म्हणजे शेजाऱ्याच्या कोपराशी कोपर आपटत नाही.

सीनियर केजी परत? नको. पुढच्या वर्षीही तीच वही, तेच कर्सिव्ह, फक्त दोस्त पुढे गेलेले. पहिलीसाठी लागणारी सहा वर्षं तो याच वर्षात पूर्ण करतोय. २०२० च्या शैक्षणिक धोरणात ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय, पहिली-दुसरी त्यातच येतात, आणि २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत या केंद्राच्या मोहिमेचं उद्दिष्टसुद्धा तिसरी संपेपर्यंत मुलाने समजून वाचावं, लिहावं असं आहे. तुम्ही ते सीनियर केजीच्या जानेवारीत मागताय. खरं तर तुम्ही नाही, शाळा मागतेय, आणि शाळेकडे ते कोण मागतं तर ग्रुपवरच्या आया. त्या फोटोंचं म्हणाल तर मी इतकी वर्षं वह्या पाहिल्यात, ती पानं किती वेळा खोडून लिहिलेली असतात हे कागद उजेडात धरला की दिसतं. ग्रुप म्यूट करा.

मिसवर रागावू नका मात्र. तिच्यासमोर पस्तीस-चाळीस पोरं असतात आणि वही भरली नाही तर तिलाही वरून बोलणी बसतात. एकदा वेळ घेऊन, पीटीएमच्या रांगेत नाही, निवांत भेटा. त्याचं कसं चाललंय असं मोघम विचारलंत तर 'स्लो' हेच उत्तर येईल. विचारा की तो डब्याच्या सुट्टीत कुणाशी बोलतो, गोष्ट सांगताना ऐकतो का, चित्र काढायला बसतो का. आणि एवढंच मागा की फळ्यावरचं अर्धंच उतरवलं तरी चालू द्या, डाव्या हाताने लिहिलं तर थांबवू नका. बहुतेक शिक्षिका ऐकतात, त्यांनाही घरी पोरं आहेत.

तरी काही गोष्टी बघून घ्या. कान आणि डोळे एकदा तपासा, हे सगळ्यांनाच सांगते, फळा अर्ध्यात सोडणाऱ्या दोन पोरांना माझ्याकडे फक्त चष्मा लागला होता. त्याचं मराठी बोलणं अनोळखी माणसाला कळत नसेल, दोन-तीन सूचना एकदम दिल्या तर लक्षात राहत नसतील, पेन्सिलच नाही तर बटणं, चमचा, चेंडू सगळ्यातच हात अडत असेल, तर चाइल्ड डेव्हलपमेंटवाल्या डॉक्टरांना किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टला दाखवायला थांबू नका. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातली अडचण, वगैरेची पक्की तपासणी साधारण सात-आठच्या आधी करत नाहीत, कारण त्याआधी सगळीच मुलं उलटसुलट लिहितात. दुसरीच्या शेवटीसुद्धा वाचताना अक्षरांशी झटापट चालूच राहिली, घरात आणखी कुणाला तसं झालेलं असलं, तर मात्र जा, सायन हॉस्पिटलमध्ये यासाठी वेगळं क्लिनिक आहे, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हे धरलेलं असल्यामुळे शाळेला सवलती द्याव्या लागतात. तुमच्या पत्रावरून मला तसं काही वाटत नाही, जो मुलगा यादी करून वाचून दाखवतो त्याच्याबद्दल तर नाहीच.

पुस्तकांसाठी खर्च करू नका. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर वेबसाइटवर मराठीत भरपूर चित्रगोष्टी फुकट आहेत, इंग्लिश आणि मराठी दोन्हीत तीच गोष्ट असते, एक दिवस आजींनी वाचावी आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही. रविवारी ठाण्याला येणं झालं तर मराठी ग्रंथसंग्रहालयात त्याला घेऊन जा, १८९३ पासून आहे, एवढी पुस्तकं एका जागी पाहिल्यावर आमच्या बालवाडीतल्या एकाने विचारलं होतं की हे सगळं कुणी बोललं?

आणि ती बिलं टाकू नका. मागे तारीख घाला, तो काय म्हणाला ते कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहा आणि एका फाइलीत लावत जा. दिवाळीत काढून त्याच्याबरोबरच बघा, आणि जमलं तर मलाही एकाचा फोटो पाठवा, विशेषतः बटाट्यांचा.